मल्हाररावांच्या फलकाबद्दल : वारसा प्रदर्शनाच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सभासद,
शहर वारसा प्रदर्शन संयोजन समिती,
वडोदरा

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या प्रदर्शनाच्या फलकांचा मसुदा मध्यंतरी सूचनांसाठी आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. मी तो नीट वाचला आणि बडोद्याचे एकेकाळचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्या फलकाबद्दल हरकत लिहून पाठवली. उत्तर आले : ‘सूचनेबद्दल आभार. मजकूर छपाईला गेला आहे. पुढच्या वेळी नक्की विचार करू.’ सूचना मागवायच्या आणि त्याच आठवड्यात मजकूर छापायला धाडायचा, हा कुठला रिवाज? फोन करून झाला, बैठकीलाही येऊन बसले (शेव-उसळ उत्तम होती, विषय मात्र निघाला नाही). आता चारचौघांत लिहिते आहे, कारण फलकही चारचौघांतच लागणार आहे.

हरकत काय ते आधी सांगते. एकाच माणसाबद्दल, एकाच भिंतीवर, आपण तीन भाषांत तीन गोष्टी लिहिल्या आहेत. इंग्रजी फलक म्हणतो की मल्हाररावांनी रेसिडेंट (दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केला, चौकशीत ते दोषी ठरले आणि म्हणून त्यांना पदच्युत केले. मराठी फलक म्हणतो की उन्मत्त इंग्रज रेसिडेंटला विष घालून यमसदनी धाडू पाहणारे मल्हारराव हे बडोद्याचे आद्य क्रांतिवीर होत. गुजराती फलकावर सोन्याच्या तोफा आहेत, बाकी काही नाही. म्हणजे बाहेरच्या पाहुण्याला खुनशी राजा दाखवायचा, मराठी माणसाला क्रांतिवीर आणि गुजराती शेजाऱ्याला तोफा. तिन्ही भाषा वाचणारी पोरे या शहरात घरोघरी आहेत. त्यांनी त्या भिंतीसमोर उभे राहून काय समजायचे?

मराठी मजकूर यंदा नवा केला आहे. बैठकीत एका सभासदांनी अभिमानाने सांगितले की हे इतिहासाचे पुनर्मूल्यांकन आहे. इंग्रजांनी लिहिलेला इतिहास आपण किती दिवस वाचायचा? प्रश्न रास्त आहे. फार उशिरा विचारला, एवढीच माझी तक्रार. पण पुनर्मूल्यांकन झाले ते कशाचे? इंग्रजी आणि मराठी फलक शेजारी ठेवून पाहा. मल्हाररावांनी विष दिले, हे दोन्हीकडे गृहीत धरलेले आहे. एकाने त्याबद्दल दोष दिला, दुसऱ्याने हार घातला. जो आरोप तपासायला हवा होता तो जिथल्या तिथे राहिला, आणि तो आरोप तर इंग्रज सरकारनेच ठेवलेला होता. इंग्रजांचा इतिहास झुगारायचा म्हणून आपण त्यांच्या सरकारी वकिलाची बाजू मराठीत छापून दिली आहे!

यात माझा काय संबंध, असे कुणी विचारील. मल्हाररावांची मी भक्त नाही, नातलग तर मुळीच नाही. आमचे घर रावपुऱ्यातले, शिलेदारीच्या असामीवर (दरबारी घोडेस्वाराच्या नेमणुकीवर) जगलेले. मल्हारराव गादीवर आल्यावर ती असामी बंद झाली आणि घरातली तांब्याची भांडी एकेक करून बाजारात गेली, असे आजी सांगायची. तिच्या तोंडी मल्हाररावांचे नाव कायम एकेरी यायचे. त्यांच्या बाजूने बोलायला मी बसले आहे हे तिला कळले असते तर तिने मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिले नसते. दुसरे असे की मी मराठी शाळेत इतिहास शिकवला. मार्गदर्शिकेत प्रश्न ठरलेला असे : मल्हाररावांना पदच्युत का करण्यात आले? उत्तर एका ओळीचे, गुण एक : रेसिडेंटवर विषप्रयोग केल्यामुळे. आपल्या समितीतले दोघेजण माझ्या वर्गात बसलेले आहेत, त्यांना ती ओळ अजून पाठ असणार.

तर कागद काय सांगतात ते पाहू.

९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. कर्नल फेअर रोजच्याप्रमाणे फेरफटका मारून रेसिडेन्सीत परतले. टेबलावर पपनसाच्या रसाचे सरबत नेहमीसारखे तयार होते. त्यांनी दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही म्हणून उरलेले व्हरांड्यातून बाहेर फेकले, आणि पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तो गाळ रेसिडेन्सीच्या डॉक्टरांकडे आणि पुढे मुंबईला रासायनिक तपासणीसाठी गेला. सोमल (आर्सेनिकचे विष) आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला. इथपर्यंत फारसा वाद नाही. पेल्यात काहीतरी होते. ते कुणी घातले आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा खरा प्रश्न.

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २ नोव्हेंबरला, मल्हाररावांनी व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांना खलिता पाठवला होता : फेअर यांना इथून हलवा आणि दुसरा रेसिडेंट द्या. सरकारनेही त्याच महिन्यात फेअरना बदलायचे ठरवले आणि डिसेंबरात सर लुइस पेली आले. आपल्या मराठी फलकावर या खलित्याचा उल्लेखही नाही. तो घातला असता तर ‘क्रांतिवीर’ उभाच राहिला नसता, कारण ज्याला इंग्रज नको असतो तो इंग्रजांकडेच अर्ज करून दुसरा इंग्रज मागत नाही. दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे : खलित्याला अनुकूल उत्तर येईल अशी खात्री मल्हाररावांना त्या आठवड्यात नव्हती, आणि फेअर त्यांच्या हात धुऊन मागे लागले होते हेही खरे. म्हणजे हेतू नव्हताच असे खलित्यावरून सिद्ध होत नाही. मी फक्त एवढेच म्हणते की तो कागद वाचणाऱ्यासमोर ठेवा.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथेच, छावणीत, कमिशन बसले. सहा सभासद होते. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच. त्यांच्याबरोबर सर रिचर्ड मीड आणि पंजाबातले अधिकारी मेल्व्हिल. हिंदी सभासद ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल, मल्हाररावांतर्फे खास लंडनहून आणलेले वकील सार्जंट (ही वकिलीतलीच पदवी) बॅलंटाइन. एका संस्थानिकावर, त्याच्याच शहरात, दुसऱ्या संस्थानिकांना बसवून केलेली अशी उघड चौकशी हिंदुस्थानाने पाहिलेली नव्हती. पुण्या-कलकत्त्याची देशी पत्रे तिच्या बातम्यांनी भरून गेली होती.

साक्षीपुरावा कसा होता? मुख्य मदार रेसिडेन्सीच्या नोकरांवर. शिपायांचा हवालदार रावजी आणि जमादार नरसू. सरबतात पूड आपणच टाकली असे रावजी म्हणाला, पण माफीचे वचन मिळाल्यावर. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण ती घटनेनंतर दीड महिन्याने आणि मुंबईच्या पोलिसांना. ज्याच्या अंगावर असा पुरावा आहे तो दीड महिना तोच पट्टा बांधून हिंडतो, यावर बॅलंटाइन यांनी साक्षीदाराला कसे धारेवर धरले ते वाचण्यासारखे आहे. नरसूने कबुलीनंतर विहिरीत उडी घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. पश्चात्तापाने की धाकाने, हे त्याचे त्यालाच ठाऊक. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत आधी कैदेत होते, मग माफीच्या आशेने बोलते झाले. सोमल आणि हिरे कुठून आले याची हकीकत त्यांच्याच जबानीतली. अमीना आया रात्री वाड्यावर जाऊन आल्याचे सांगत होती. रेसिडेन्सीतले नोकर वाड्याकडून पैसे घेऊन बातम्या पुरवत, हा भाग या साक्षींत बराच ठळक दिसतो आणि मला तो पटतो. दरबार आणि रेसिडेन्सी एकमेकांच्या नोकरांना फितवत नव्हते असा काळ बडोद्याने क्वचितच पाहिला असेल. पण बातमी विकत घेणे वेगळे आणि विष घालायला लावणे वेगळे. दोहोंमधला पूल माफीच्या साक्षीदारांनी बांधलेला होता.

आणि स्वतः मल्हारराव? त्यांनी कमिशनपुढे लेखी निवेदन देऊन आरोप साफ नाकारला. आपण त्यांना विष देणारा क्रांतिवीर म्हणता तेव्हा त्यांच्या शब्दाला खोटे पाडता. ज्याचा गौरव करायचा त्यालाच खोटारडा ठरवायचे, हे आपल्या लक्षात कसे आले नाही?

निकाल काय लागला? तीन विरुद्ध तीन. काउच, मीड आणि मेल्व्हिल यांच्या मते आरोप शाबीत. शिंदे, जयपूरकर आणि दिनकरराव यांच्या मते नाही. आपल्या इंग्रजी फलकावरचे ‘दोषी ठरले’ कुठून आले ते मला अजून समजलेले नाही. याहून मोठी गोष्ट पुढे आहे. एप्रिल १८७५ मध्ये पदच्युतीचा जो जाहीरनामा निघाला त्यात इंग्रज सरकारने स्वतःच सांगितले की आपला निर्णय कमिशनच्या चौकशीवर आधारलेला नाही, आणि त्या चौकशीतून आरोप खरे ठरले असेही आपण धरलेले नाही. कारणे दिली ती महाराजांचे कुप्रसिद्ध वर्तन, राज्याचा घोर गैरकारभार आणि सुधारणा अमलात आणण्याची असमर्थता. ज्यांनी गादीवरून काढले तेसुद्धा विषाचे कारण द्यायला धजले नाहीत, आणि दीडशे वर्षांनंतर बडोद्यातली समिती ते बिनदिक्कत देते.

बरे, गैरकारभार तरी आधी ठाऊक नव्हता का? होता. १८७३ मध्येच मीड यांच्याच अध्यक्षतेखाली पहिले कमिशन बसले होते. त्यानंतर व्हाइसरॉयनी सुधारणेसाठी १८७५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. काढले एप्रिलात. मुदतीचे आठ महिने शिल्लक असताना. ज्या मीडनी पहिल्या कमिशनात मल्हाररावांच्या कारभाराविरुद्ध अहवाल दिला, तेच दुसऱ्या कमिशनात न्यायासनावर बसले. मेल्व्हिल तर पुढे याच शहरात गव्हर्नर जनरलचे एजंट म्हणून आले. यावरून ते अप्रामाणिक होते असा निकाल मी देत नाही. पण हे वाचणाऱ्याला कळायला नको? दुसऱ्या बाजूचेही तसेच. शिंदे आणि जयपूरकर स्वतः गादीवाले. आज गायकवाडांना रेसिडेंटच्या नोकरांच्या जबानीवरून काढले तर उद्या आपले काय, हा विचार त्यांच्या मनात आलाच नसेल असे कोण म्हणेल? दिनकररावांना मात्र गादी नव्हती. सहांपैकी माझा जास्त भरवसा त्यांच्या मतावर आहे. हे माझे मत, फलकावर घालू नका.

जयाजीरावांवरून आठवले. १८५८ च्या जूनमध्ये मुरारजवळ त्यांचे सैन्य बंडवाल्यांना जाऊन मिळाले आणि हे आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यावरून त्यांना फितूर म्हणून जे नाव पडले ते आजतागायत चिकटून आहे. तेच जयाजीराव सतरा वर्षांनी बडोद्यात, व्हाइसरॉयनी नेमलेल्या कमिशनात बसून, तीन इंग्रजांच्या विरुद्ध मत लिहून देतात. माणसे आपल्या सोयीच्या कप्प्यात बसत नाहीत, म्हणून तर कागद वाचावे लागतात. असो.

दुसरी हरकत पहिलीइतकीच वजनदार आहे आणि ती नव्या मजकुरावर आहे. क्रांतिवीर बनवण्याच्या भरात आपण १८७३ च्या कमिशनाचा उल्लेखच गाळला. त्या वेळी रयत, सरदार, सावकार तक्रारी घेऊन उभे राहिले होते. सारा असह्य झाला होता. गादीवर बसल्याचा नजराणा शेतकऱ्यांकडून वसूल केला गेला. लोकांना फटके मारले, कैदेत हाल केले. बायकांना जबरदस्तीने वाड्यात लौंडी म्हणून नेल्याच्या तक्रारी होत्या. आधीचे राजे आणि मल्हाररावांचे भाऊ खंडेराव यांच्या काळातल्या लोकांवर सूड उगवला गेला. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे कैदेत मेले. या सगळ्या गोष्टी इंग्रजांनी रचल्या असे म्हणायची सोय नाही, कारण सांगणारी तोंडे आपलीच होती. माझ्या आजीच्या घरातली भांडी इंग्रजांनी विकायला लावली नव्हती. रेसिडेंटशी वैर होते म्हणून राजाला देशभक्ती बहाल करायची आणि ज्यांच्या पाठीवर फटके बसले त्यांना भिंतीवरून पुसायचे, हे पुनर्मूल्यांकन मला मान्य नाही. विषाचा आरोप शाबीत नाही आणि कारभार वाईट होता, ही दोन वाक्ये एका फलकावर शेजारी राहू शकतात. एकाने दुसऱ्याला खोडायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट दादाभाईंची. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये याच मल्हाररावांचे दिवाण होते. कारभार सुधारायला मुंबईहून माणसे घेऊन आले, इकडे दरबारातले जुने लोक आणि तिकडे फेअर अशा दोन्ही बाजूंनी कोंडले गेले, आणि १८७५ च्या सुरुवातीला बाहेर पडले. फेअर त्यांच्या नेमणुकीच्याच विरुद्ध होते. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात बसलेल्या माणसाच्या आयुष्यातला हा बडोद्याचा तुकडा आपल्या एकाही फलकावर नाही. तोफांना मात्र तीन ओळी आहेत.

तशाच खंडेरावांच्या राणी जमनाबाई. खंडेराव नोव्हेंबर १८७० मध्ये वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांची गादी गेली असती. मुलगी झाली, ताराबाई. भावाला मारण्याच्या कटाच्या आरोपावरून जे मल्हारराव १८६३ पासून पादऱ्याला कैदेत होते, ते आता गादीवर बसले होते आणि त्यांच्या छायेत ही विधवा राणी लहान मुलीला घेऊन राहत होती. शेवटी तिला बडोदे सोडून पुण्याला जावे लागले. १८७५ मध्ये ती परतली आणि २७ मे रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव तिने दत्तक घेतला. तेच आपले सयाजीराव. आपल्या फलकावर ‘इंग्रजांनी सयाजीरावांची निवड केली’ एवढेच आहे. दत्तक घेणारी आई कुठे गेली? मांडवीजवळ तिच्या नावाचा दवाखाना आहे, निदान त्याची पाटी तरी बघायची होती.

आता हा प्रस्थापित इतिहास तयार कसा झाला, याबद्दल. बडोद्याचे जे गॅझेटियर १८८३ साली निघाले आणि ज्यावरून पुढच्या बहुतेकांनी उतरवले, ते एफ. ए. एच. इलियट यांनी लिहिले. इलियट हे सयाजीरावांचे शिक्षक. माणूस विद्वान होता, कष्टाळू होता, त्यांनी जमवलेली माहिती आजही टाकून देता येत नाही. पण नव्या राजाच्या गुरूने काढलेले जुन्या राजाचे चित्र ते हे, एवढी तळटीप तरी आपण वाचणाऱ्याला देणे लागतो. मग पाठ्यपुस्तके आली, मार्गदर्शिका आल्या, राजवाडा दाखवणारे गाइड आले, आणि मल्हारराव दरवेळी थोडे अधिक काळे होत गेले. सयाजीरावांच्या दिवाणखान्यात उजेड दिसावा म्हणून शेजारची खोली मुद्दाम अंधारी ठेवावी तसे हे झाले. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला जाण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती, एवढे ज्यांच्या नावावर जमा आहे त्यांना असल्या तुलनेची गरज नाही.

समितीतले काही जण म्हणतील, बाई, तुम्हाला इतिहासाची फेरतपासणीच नको आहे. मला हवी आहे, म्हणूनच एवढे लिहिते आहे. फेरतपासणी कशी करतात याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. रियासतकार सरदेसाई याच शहरात, सयाजीरावांच्या नोकरीत, इतिहासकार झाले आणि पुढे पेशवे दफ्तराच्या निवडीचे ४५ खंड त्यांनी संपादून काढले. वा. सी. बेंद्रे यांनी संभाजीराजांबद्दल नाटकांनी आणि बखरींनी रुजवलेली समजूत हलवली ती घोषणा देऊन नव्हे. त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे कागद धुंडाळले आणि १९६० साली चरित्र छापले. कुणाला पटो न पटो, प्रत्येक विधानाखाली कागद होता. आपल्या मराठी फलकाखाली कोणता कागद आहे? मी बैठकीत हेच विचारणार होते. इथे तर फार धुंडाळायचीही गरज नाही. कमिशनपुढच्या साक्षी त्याच वर्षी छापून पार्लमेंटपुढे ठेवल्या गेल्या. दरबारचे दफ्तर कोठीत आहे. मोडी वाचणारे अजून या शहरात आहेत, वयस्कर झालेत पण आहेत, आणि रिक्षा पाठवली तर येतील.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

मल्हाररावांचे तिन्ही फलक थांबवावेत. तिन्ही भाषांत एकच मजकूर असावा, शब्दशः नसला तरी माहितीने एक. इंग्रजी फलकावरचे ‘दोषी ठरले’ आणि मराठीवरचे ‘आद्य क्रांतिवीर’ दोन्ही काढावे. सहाही सभासदांची नावे आणि त्यांचे मत लिहावे; ‘कमिशनमध्ये मतभेद झाले’ असे गुळमुळीत नको. १८७३ च्या तक्रारी लिहाव्यात. दादाभाई आणि जमनाबाई यांना जागा द्यावी, लागल्यास तोफांची घ्यावी. कुठल्या फलकावरची माहिती कागदातली आणि कुठली ऐकीव, याची खूण प्रत्येक फलकावर असावी. हे फक्त मल्हाररावांपुरते नको, खंडेरावांच्या मोत्यांच्या गालिच्यालाही लावा. आणि पुढच्या वेळी सूचना मागवाल तर छपाईआधी महिनाभर मागवा.

नुसती टीका करून मोकळी झाले असे व्हायला नको म्हणून मजकूरही देते. आवडला तर घ्या, नावाची गरज नाही :

‘मल्हारराव गायकवाड (कारकीर्द १८७०–१८७५). त्यांच्या कारभाराविरुद्ध रयत व सरदारांच्या गंभीर तक्रारी होत्या. १८७३ मध्ये त्यांची चौकशी झाली व सुधारणेसाठी १८७५ अखेरची मुदत मिळाली. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी त्यांचे दिवाण होते. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले. ते मल्हाररावांनी घालायला लावले, या आरोपावर सहा जणांचे कमिशन बसले. काउच, मीड व मेल्व्हिल यांनी आरोप शाबीत मानला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह व दिनकरराव राजवाडे यांनी मानला नाही. मल्हाररावांनी आरोप नाकारला होता. एप्रिल १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत केले. निर्णय कमिशनच्या चौकशीवर आधारलेला नाही असे जाहीर केले. त्यांना मद्रासला ठेवण्यात आले. तिथेच १८८२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.’

शंभराच्या आसपास शब्द आहेत. आपला मराठी फलक याहून लांब होता, मी मोजला. यात रंग नाही, असे कुणी म्हणेल. रंग हवा असेल तर शेजारी काचेच्या पेल्याचे चित्र लावा, पोरे आपोआप थांबतील आणि वाचतील.

छापलेले फलक वाया जातील, खर्च कोण देणार, असा प्रश्न निघणार हे मला ठाऊक आहे. बैठकांचा अनुभव आहे. मल्हाररावांचे तीन फलक पुन्हा छापण्याचे पैसे मी देते. छापखान्याचे बिल समितीच्या नावाने करा आणि मला रक्कम कळवा. साक्षींच्या छापील प्रतीतली महत्त्वाची पाने मी झेरॉक्स करून ठेवली आहेत. ज्या सभासदांना हवी असतील त्यांनी कुणालाही पाठवून न्यावीत. दुपारी एक ते चार सोडून कधीही. उद्घाटनाच्या आधीच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, शेवटचा नको. शेवटच्या विषयापर्यंत आपल्याकडे सभासद उरत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रावपुऱ्यातील एक निवृत्त शिक्षिका